‘पाय’च्या रकान्यातलं अक्षर

स्टाइनव्हेर
रविवार, ११ जानेवारी २०२६

रग्ना,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तारीख १७ डिसेंबर २०११, शनिवार. तापमान उणे अकरा. वारा नव्हता.
२. जागा आपल्या बोटघरामागची. हजर तिघं: बाबा, तू (वय सतरा), मी (वय बारा).
३. बाबांनी ट्रायपॉड बोटघराच्या भिंतीजवळ उभा केला. पाच वाजेपर्यंत फिल्मवर बावीस फोटो झाले होते.
४. मासे वाळवायच्या मांडवांपलीकडे हागबार्टकाकांच्या शेडवर दिवा जळत होता. तो विझवायला बाबा गेले.
५. संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी तेविसावा फोटो झाला. बटण तू दाबलंस. अठरा सेकंद मी मोजले.
६. बाबा परत आले तेव्हा ढग आले होते आणि ट्रायपॉड मिटलेला होता.
७. वहीत तेविसाव्या फोटोसमोर ‘पाय’च्या रकान्यात ‘ओ’ आहे. ओ म्हणजे ओडमुंड, आपले बाबा. वही माझ्याकडे असायची.
८. फिल्म जानेवारीत धुऊन आली. मार्चमध्ये त्या फोटोला बाबांच्या नावाने पहिलं बक्षीस मिळालं. जूनमध्ये तू गेलीस.

यात काही चुकलं असेल तर कळव.

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, हे मला माहीत आहे. पत्ता आईने दिला. ती म्हणाली की तू फेरीबोटीवर दोन आठवडे कामाला असतेस आणि दोन आठवडे घरी, त्यामुळे पत्र लगेच मिळेलच असं नाही.

लिहिण्याचं कारण असं. गावाचं सभागृह नवं केलंय. छप्पर, खिडक्या, स्वयंपाकघर, सगळं. मार्चमध्ये उघडणार. समोरच्या भिंतीवर तेविसावा फोटो तीन मीटर रुंद करून लावायचं समितीने ठरवलं आहे. खाली पितळी फलक असेल, त्यावर बाबांचं नाव. दुकानवाल्या सोलफ्रिदमावशी समितीच्या प्रमुख आहेत. घरातली दुसरी मुलगी तू, म्हणून तुझीही संमती हवी असं त्या म्हणाल्या. वही त्यांनी मागून घेतली आणि चाळली. ‘पाय’ या रकान्याशी थांबून विचारलं, “हे काय? ओडमुंड काय फोटो काढायचा की मेंढ्या मोजायचा?”

मी सांगितलं. ज्याने ट्रायपॉडचे पाय रोवले त्याचा फोटो. नंतर कॅमेऱ्याची मान कोणी वळवली, बटण कोणी दाबलं, याने फरक पडत नाही. तो खलाशी. पण कोणी पाय उचलून दुसरीकडे नेले, तर तिथून पुढचा फोटो त्याचा.

त्यांना लगेच पटलं. “बरोबरच आहे की. बोट ज्याची, मासा त्याच्या नावावर. आणि स्वतःचा गळ टाकलास तर तुझा मासा तुझा.” आमच्या कामाच्या ठिकाणी दक्षिणेकडून आलेल्या कुणाला हे सांगितलं असतं तर अर्धा तास गेला असता.

मी आता इथल्याच डोंगरावर काम करते. पाच कॅमेरे आहेत, माशाच्या डोळ्यासारखी भिंगं असलेले, सबंध आकाश एकदम बघणारे. दर दहा सेकंदांना एक फोटो, आपोआप. माझं काम त्यांची काच स्वच्छ ठेवणं आणि घड्याळं जुळवणं. तिथे कोणालाच उभं राहावं लागत नाही.

संमतीचा कागद सोबत जोडला आहे.

इसेलिन


शुक्रवार, २३ जानेवारी

रग्ना,

माझं पत्र परत आलं. संमतीचा कागद कोरा. सातव्या मुद्द्याखाली रेघ आणि शेजारी तुझ्या अक्षरात दोन शब्द: ‘केव्हा लिहिलंस?’

त्याचं उत्तर या पत्रात नाही. आधी जे मोजता येतं ते सांगते.

मागच्या शनिवारी समितीची बैठक होती. सभागृहात अजून रंगाचा वास आहे. वॉफल होते, वर तपकिरी चीज. फोटोचा कागदी नमुना भिंतीला टेकवून ठेवला होता, अर्ध्या आकाराचा. तुला आठवत असेलच, पण मी इतका मोठा पहिल्यांदाच पाहिला. डाव्या डोंगरामागून निघालेला ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पट्टा, मध्ये दुमडलेला, दुमडीच्या कडेला जांभळा. खाली रिकामे मांडव, पाण्यात तोच पट्टा उलटा. आणि मांडवांखाली एक माणूस, नखाएवढा, मान वर करून उभा.

तो माणूस म्हणजे हागबार्टकाका, असं गाव चौदा वर्षं धरून चाललं आहे. सोलफ्रिदमावशी म्हणाल्या, “काका, उद्घाटनाला फोटोखाली असंच उभं राहायचं. वर्तमानपत्रवाले येणार आहेत. तीच टोपी घाला.”

काकांनी वॉफल खाली ठेवलं. “टोपी माझी नाही,” ते म्हणाले.

“मग कुणाची?”

“ज्याची असेल त्याची. मी तेव्हा बोडोला होतो. पित्ताशय काढून घेत होतो.”

“काका, चौदा वर्षं तुम्ही सांगत आलात–”

“मी कधी सांगितलं? लोक सांगायचे, मी कॉफी प्यायचो.” मग म्हणाले, “आता तीन मीटरचा करणार म्हटल्यावर भीती वाटली. नाक दिसेल.”

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. “दिवा तुमच्या शेडवरचा होता ना? ओडमुंड विझवायला गेला होता म्हणे.”

“हो. घाईत गेलो, विसरलो. आठवडाभर जळत होता. परत आल्यावर ओडमुंडने मला जे ऐकवलं ते इथे बायकांसमोर सांगत नाही.”

“सांगा सांगा. बायकांनी जास्त ऐकलंय.”

मग सगळ्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि डावा खांदा खाली असलेला तो माणूस कोण हे दोन मिनिटांत सगळ्यांच्या ध्यानात आलं. बाबा फोटोत होते. म्हणजे बाबा कॅमेऱ्यामागे नव्हते.

“मग काढला कुणी?” कोणीतरी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “रग्नाने बटण दाबलं.”

“हात्तिच्या,” मावशी म्हणाल्या. “म्हणजे पाय ओडमुंडचेच ना? वहीत तसंच आहे. पोरगी खलाशी. फलक तोच राहील.”

सगळ्यांनी माना हलवल्या. माझा वॉफल थंड झाला होता तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, मी कामावरचं कोन मोजायचं यंत्र घेऊन बोटघरामागे गेले. दुपारी अकरा ते एक एवढाच उजेड मिळतो. मूळ स्लाइड मी आधी मोजून ठेवली होती. पद्धत सोपी आहे. फोटोत मांडवाचा मधला खांब समोरच्या बेटाच्या शिखराच्या उजवीकडे दिसतो, मध्ये मोकळी फट. बाबांच्या नेहमीच्या जागेवरून तोच खांब शिखराला झाकतो. त्या जागेवर लोखंडी खुंटी अजून आहे, म्हणून शंकेला जागा नाही. मग फट फोटोएवढी होईपर्यंत मी पश्चिमेकडे सरकत गेले.

कॅमेरा भिंतीपासून सहा मीटर चाळीस सेंटिमीटर पश्चिमेला होता, पाण्याच्या कडेच्या काळ्या खडकावर, आणि नेहमीपेक्षा चाळीस सेंटिमीटर खाली. चूक झाली तर जास्तीत जास्त वीस सेंटिमीटरची. तिथून पाण्यातलं प्रतिबिंब येतं. भिंतीजवळून येत नाही, मधे दगडी बांध आहे.

पाय हलवलेले होते. तू म्हणाली होतीस ते खरं होतं.

हे मोजायला मला दोन तास लागले. चौदा वर्षांत कधीही लागले असते.

खडकावर यंत्र लावून उभी होते तेव्हा बोटं बधिर झाली आणि नको ते आठवलं. जास्तीची बॅटरी तू काखेत ठेवायचीस. बदलायची वेळ आली की अंगातून काढून द्यायचीस, आणि मी ती लगेच कॅमेऱ्यात न घालता दोन्ही हातांत धरून ठेवायचे, कारण ती गरम असायची. तू म्हणायचीस, “अगं, अंडं उबवतेयस का? घाल आत.” मग तू फिल्म पुढे न्यायचीस. कोरड्या थंडीत घाईने फिरवली तर आत ठिणग्या उडतात आणि फोटोवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात, म्हणून एकेक दात मोजत, अगदी हळू. बाबांचा हात त्यात जड होता. त्यांच्या कितीतरी फोटोंवर फांद्या आहेत. तुझ्या हातून फिरलेल्या फिल्मवर एकही नाही. तेही मी तपासलं.

प्रकाश यायला उशीर झाला की बाबा म्हणायचे, “बाईसाहेबांचे केस विंचरून व्हायचे असतील अजून.” एकदा तू मुद्दाम शिट्टी वाजवलीस. प्रकाशासमोर शिट्टी वाजवली की तो खाली येतो आणि माणसाला उचलून नेतो, असं शाळेतल्या सगळ्या मुलांना माहीत होतं. मी बाबांच्या कोटाखाली शिरले. बाबा म्हणाले, “वाजव, आणखी वाजव. इसेलिनला नेलं तर एक ताट कमी वाढायचं.” तू म्हणालीस, “तिला नेऊन काय करतील? तिथे पण वही लिहीत बसेल.” मी रडत होते आणि तेवढ्यात हसूही आलं. मग तू मला तुझ्या कोटात घेतलंस आणि सेकंद मोजायला लावलेस. एक मासा, दोन मासे, तीन मासे. आकडा नुसता मोजला तर घाई होते, मासा लावला की बरोबर एक सेकंद होतो. पुढे कामावर घड्याळाशी लावून पाहिलं. अठरा माशांना अठरा पूर्णांक दोन दशांश सेकंद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात देईन.

इसेलिन


रविवार, १ फेब्रुवारी

ताई,

केव्हा लिहिलं, तर बुधवारी, ११ जानेवारी २०१२ रोजी. फोटोनंतर पंचवीस दिवसांनी. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, स्वयंपाकघरात.

हे वही पाहूनही कळतं. बाहेर शाई गोठते, म्हणून आपण पेन्सिल वापरायचो. त्या संध्याकाळच्या तेवीसही ओळी पेन्सिलीत आहेत. वेळ, सेकंद, दिशा, सगळं. तेविसाव्या ओळीत फक्त ‘पाय’चा रकाना पेनने भरलेला आहे. निळ्या. ते पेन बाबांच्या खिशातलं.

त्या संध्याकाळी मी तो रकाना कोरा सोडला होता, आणि ते थंडीमुळे नव्हे. तू ट्रायपॉड उचललास तेव्हा मी म्हणाले, “ताई, बाबांनी लावलाय तो.” तू म्हणालीस, “मग? पाय माझे. लिही वहीत.” आणि खडकावर उतरलीस. माझ्या हातात पेन्सिल होती. तुझं अक्षर लिहायचं होतं. बाबांच्या वहीत ते त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. मग आकाश दुमडलं आणि तू ओरडलीस, “मोज!” मी मोजायला लागले. नंतर ढग आले, आपण ट्रायपॉड मिटला, आणि रकाना तसाच राहिला.

अकरा तारखेला फिल्म धुऊन बोटीने आली. तू शाळेसाठी पलीकडे हारस्टादला, शुक्रवारी येणार होतीस. बाबांनी स्लाइड यंत्रात घातल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे दाखवल्या. तेविसाव्याला ते उठून भिंतीपाशी गेले. मग म्हणाले, “हा मी. हा बघ खांदा.” आणि मग, “वही आण.”

रकाना कोरा पाहून त्यांनी मला विचारलं, “इसेलिन, पाय हलवले होते का?”

मी म्हणाले, “नाही.”

त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. “मग कोरं काय ठेवतेस. भर.”

मी ‘ओ’ लिहिला. बाबांनी शाई सुकायला वहीवर फुंकर घातली, हे मला नीट आठवतं, कारण बॉलपेनच्या शाईला फुंकर लागत नाही.

शुक्रवारी तू आलीस. पायातले बूट न काढता फोटो पाहिलास आणि म्हणालीस, “हा माझा आहे. पाय मी हलवले.” बाबांनी वही उघडून तुझ्यासमोर धरली. ते ओरडलेसुद्धा नाहीत. “इसेलिन आकड्यात चुकत नाही,” एवढंच म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी बटाटे सोलत होते. मी वर पाहिलं नाही. सतरा बटाटे होते.

कारण विचारशील तर तेही लिहिते. आदल्या वसंतात आई घर सोडून हारस्टादला राहायला गेली होती. तुला शुक्रवारची बोट आणायची आणि रविवारची परत न्यायची. नोव्हेंबरमध्ये तू जेवताना सांगितलंस की दक्षिणेतल्या फोटोग्राफीच्या शाळेला स्वतःचे दोन फोटो पाठवायचे आहेत, एक हारस्टादला काढलेला तयार आहे, दुसरा मिळाला की अर्ज करणार. बाबा म्हणाले, “मिळेल मिळेल. बाईसाहेब कुठे जात नाहीत.” मी हिशोब केला. दुसरा फोटो मिळाला नाही तर तू कुठे जाणार नाहीस. भिंतीवर तो फोटो आला तेव्हा दुसरा कोणता ते मला कळलं. बाबांच्या आधी कळलं. बाबांनी विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं.

फोटो नसतानाही तू निघून जाशील, शाळेत नव्हे, नुसतीच निघून, हे त्या हिशोबात नव्हतं.

मार्चमध्ये बक्षीस मिळालं तेव्हा बाबा शर्ट इस्त्री करून ट्रॉम्सोला गेले. परत आल्यावर तुला म्हणाले, “पुढच्या वर्षी तुझा पाठवू. चांगला काढ एखादा.” ते चिडवायला नव्हतं, हे तुला तेव्हाही कळलं असेल. त्यांना खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलणारी त्यांना तू वाटत होतीस, आणि तरी त्यांनी तुझ्यावरचा राग मनात धरला नव्हता. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असलं कोणी बोलत नाही.

इथपर्यंत मी बारा वर्षांची होते असं म्हणता येतं. समितीला लिहून देताना मी तसंच म्हणणार होते. पुढचं तसं म्हणता येत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बाबा ट्रॉम्सोच्या इस्पितळात होते. मी तिथेच मुक्कामाला होते, रोज चार ते सहा जायचे. त्यांनी वह्या मागवल्या होत्या. वाचायचे असं नाही, पानं उलटत राहायचे. “इथे बघ, तुझा पाच उलटा आहे.” “इथे रग्नाने कॉफी सांडली होती.” तुझं नाव ते सहज घ्यायचे, काल बाहेर गेलीयस अशासारखं. प्रकाश दिसेल म्हणून त्यांनी खिडकीकडची खाट मागून घेतली होती. खिडकी पार्किंगकडे होती, तिथे सोळा दिवे. ते परिचारिकेला म्हणायचे, “ताई, जाऊन तेवढे विझवून या ना. मी अठरा सेकंदांत आवरतो.” तीही म्हणायची, “ओडमुंडआजोबा, नोकरी जाईल माझी. अर्धे विझवू का?”

एका गुरुवारी ते २०११ ची वही घेऊन बसले होते. बोट तेविसाव्या ओळीवर.

“हा ‘ओ’ पेनने का आहे?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “तेव्हा राहिला होता. नंतर भरला. तुम्हीच पेन दिलं होतंत.”

“ते आठवतंय. पण बरोबर आहे ना?”

मी पंचवीस वर्षांची होते. माझं शिक्षण मोजमापात झालं आहे. चूक झालेली नोंद खोडायची नसते, तिच्यावर एक रेघ मारून शेजारी खरी नोंद, तारीख आणि सही करायची असते, हे मी नव्या माणसांना दर वर्षी शिकवते. वही त्यांच्या मांडीवर होती. पेन माझ्याकडे होतं.

मी म्हणाले, “बरोबर आहे.”

“मग ठीक,” ते म्हणाले. वही मिटली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “बाहेर गार आहे का फार?”

नऊ दिवसांनी ते गेले. तू दफनाला आली नाहीस. फुलं आली, त्यावर नाव नव्हतं. सोलफ्रिदमावशींनी विचारलं, “ही कुणाची?” मी म्हणाले, माहीत नाही. मला माहीत होतं.

त्यांनी मुद्दाम विचारलं, असं मला वाटतं. त्यांना शंका आली होती, आणि ती मिटवण्याचा अधिकार त्यांनी माझ्याकडे दिला. मी एक शब्द वेगळा बोलले असते तर त्याच संध्याकाळी त्यांनी तुला फोन करायला लावला असता. तू उचलला असतास की नाही हे मोजता येत नाही. पण नऊ दिवस होते, आणि ट्रॉम्सोला यायला विमानाने चार तास लागतात.

आता मी काय केलं ते.

काल समितीच्या बैठकीत मी मोजमापाचा कागद ठेवला आणि वही उघडून निळा ‘ओ’ दाखवला. सगळं सांगितलं, इस्पितळातलंही. सोलफ्रिदमावशींनी चष्मा काढून ठेवला. हागबार्टकाका म्हणाले, “म्हणजे मी खोटा उभा होतो आणि तू खोटी बसली होतीस.” कोणी हसलं नाही. मग तेच म्हणाले, “पोरी, मी चौदा वर्षं फुकट कॉफी प्यायलो. तू काय प्यायलीस?”

मावशी म्हणाल्या, “रेघ मार. इथेच, आमच्यासमोर.”

मी ‘ओ’वर एक रेघ मारली. शेजारी ‘र’ लिहिलं, खाली तारीख आणि सही केली. समितीच्या पाचही जणांनी साक्षीला सह्या केल्या. मांडवाखालच्या माणसाचं नावही वहीत नोंदवलं, ‘ओडमुंड’. आता बाबा त्या फोटोत आहेत, आणि फोटो तुझा आहे. नोंद म्हणून हे पुरं झालं. ते तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही.

फलक मात्र तुझ्या उत्तरावर अवलंबून आहे. मावशींनी मजकूर असा केला आहे: ‘छायाचित्र: रग्ना ओडमुंड्सदात्तर. मांडवाखाली तिचे वडील.’ आडनावाऐवजी ‘ओडमुंडची मुलगी’ असं जुन्या पद्धतीने लिहावं, हे हागबार्टकाकांचं म्हणणं. तुला ते नको असेल तर आडनाव घालू. नाव अजिबात नको असेल तर तेही चालेल, पण मग बाबांचंही घालणार नाही. आणि फोटोच भिंतीवर नको असेल तर समिती तो लावणार नाही, तसं बैठकीत ठरलं आहे. तुझं उत्तर आलं नाही तर ‘नको’ असंच धरायचं, हे मी सुचवलं. तुझ्या वतीने पुन्हा कोणी रकाना भरू नये म्हणून.

मूळ स्लाइड या पाकिटात आहे. दोन काचांमध्ये बसवली आहे, कडांना पट्टी लावली आहे. आणखी प्रत नाही. मोठा करण्यासाठी जे लागतं ते आधीच घेऊन झालंय. ती तुझी आहे. परत पाठवायची नाही.

माफीबद्दल मी काही मागत नाही. तू आलीस तर खोली रिकामी आहे, पण तेही या पत्रात विचारत नाही.

विचारते ते इतकंच. फलक कोरणारा माणूस शनिवारी, २१ तारखेला काम सुरू करणार आहे. टपाल आता इथे मंगळवारी आणि शुक्रवारीच बोटीने येतं. नाव घालायचं की नाही, आणि घालायचं तर कोणतं, हे मला शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत कळव.

इसेलिन